आमच्या अंगणातलं गाडीचं शेड (अनुभवपर निबंध)



अनुभवावर निबंध लिहा म्हटलं की मुलं सहल, जत्रा नाहीतर पावसाळ्यातील एक दिवस यांवर लिहितात. हे विषय छानच आहेत. पण घरात एखादं काम निघतं, माणसं येऊन मापं घेतात, पैशांचं बोलणं होतं, शेजाऱ्यांना विचारावं लागतं. त्यातही भाषा असते, गणित असतं आणि माणसंही असतात. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या अंगणात गाडीसाठी पत्र्याचं शेड उभं राहिलं. त्याबद्दल आज लिहिते आहे. ज्यांच्या घरी असं काम निघणार आहे त्यांनाही उपयोग होईल.

शेड कशासाठी?

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, समुद्रापासून फार लांब नाही. माझी शाळा घरापासून १४ किलोमीटरवर, मध्ये घाटाचा तुकडा. लेक लहान आहे, ती माझ्याबरोबरच शाळेत येते. पावसात स्कूटीवर तिला घेऊन जाणं जिवावर यायचं म्हणून मागच्या वर्षी एक जुनी छोटी गाडी घेतली. कोकणात गाडी उघड्यावर ठेवणं म्हणजे काय ते कोकणातल्यांनाच ठाऊक. उन्हाळ्यात फणसाचा चीक, पावसाळ्यात शेवाळ, वर्षभर माकडं. त्यात खारा वारा. एका पावसाळ्यात दारांच्या कडांना गंज दिसायला लागला. माझे मिस्टर म्हणाले, "आता शेड करूनच टाकू."

सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, एकच म्हणणं होतं. "माडाखाली करू नका. नारळ पडला तर पत्र्याला भोक आणि गाडीला पोचा." म्हणून जागा ठरली ती घराच्या उजव्या अंगाला, शेजारच्या काकूंच्या गडग्याकडे. ग्रामपंचायतीत विचारून आलो, अर्ज दिला. बांधायच्या आधी हे करावं, नंतर निस्तरण्यापेक्षा ते सोपं.

काकूंचं म्हणणं

काकूंचं वय सत्तरीच्या पुढे. मुलगा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. एरवी त्या एकट्याच. त्यांच्या घराला कौलं आहेत आणि स्वयंपाकघर आमच्या गडग्याच्या बाजूला. शेड करतोय हे सांगायला गेले तेव्हा त्यांनी चहा ठेवला, पण चेहरा उतरला.

"पत्रा नको गं बाई," त्या म्हणाल्या.

कारण मला माहीत होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. आमच्याकडे बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, कितीतरी घरांची आणि शाळांची छपरं उडाली. त्या दिवशी कुणाचातरी एक पत्रा उडून काकूंच्या स्वयंपाकघराच्या कौलांवर आला. कौलं फुटून खाली चुलीपाशी पडली. काकू नुकत्याच तिथून उठून देवापुढे जाऊन बसल्या होत्या. पत्रा कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"पत्रा कुणाचा ते वारं विचारत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी कोरडी राहील गं. पण वारं सुटलं की मी रात्रभर तुमच्या शेडाकडे बघत बसायचं का?"

घरी येऊन मी मिस्टरांना सांगितलं, की शेड करायचं तर काकूंना झोप लागेल असं करायचं, नाहीतर गाडीवर ताडपत्री घालू. तेव्हापासून आमच्या शेडाचा विचार गाडीऐवजी वाऱ्यापासून सुरू झाला.

माप

आमची गाडी चार मीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे सुमारे साडेबारा फूट लांब. रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास. पण शेड गाडीएवढं करून चालत नाही. दोन्ही बाजूंची दारं पूर्ण उघडली पाहिजेत, छत्री मिटवत उतरता आलं पाहिजे. मी अंगणात चुन्याने आखलं, गाडी आत उभी केली, चारही दारं उघडून पाहिली. लेकीने दप्तर घेऊन उतरून पाहिलं. तेव्हा ठरलं, लांबी १८ फूट आणि रुंदी ११ फूट. म्हणजे जमिनीचं क्षेत्रफळ १९८ चौरस फूट.

उंची एका बाजूला ९ फूट, दुसऱ्या बाजूला साडेसात फूट. अकरा फुटांत दीड फूट उतार. आमच्याकडच्या पावसाला एवढा उतार हवाच, नाहीतर जोडात पाणी उलटं शिरतं.

दोन कोटेशनं

दोन ठिकाणांहून कोटेशन आणलं. पहिल्याचा दर चौरस फुटाला २१० रुपये, दुसऱ्याचा २४०. कुणालाही वाटेल, पहिला स्वस्त. पण मित्रांनो, दर वाचून थांबायचं नाही. तो दर कशाच्या क्षेत्रफळावर आहे हे विचारायचं.

शेडाला तीन क्षेत्रफळं असतात. एक जमिनीचं, आमचं १९८. दुसरं छपराचं. छप्पर चहूबाजूंनी थोडं बाहेर काढतात, म्हणून ते १९ गुणिले १२, म्हणजे २२८. तिसरं पत्र्यांचं. साडेतीन फूट रुंदीचे, १२ फूट लांबीचे सहा पत्रे लागतात, म्हणजे २५२. पत्रे एकमेकांवर चढवावे लागतात म्हणून हे सगळ्यात जास्त.

पहिल्याचा दर पत्र्यांच्या मापावर होता. २५२ गुणिले २१० म्हणजे ५२,९२० रुपये. दुसऱ्याचा दर जमिनीच्या मापावर. १९८ गुणिले २४० म्हणजे ४७,५२० रुपये. कमी दराचं काम महाग आणि जास्त दराचं स्वस्त निघालं!

पण गोष्ट इथेच संपत नाही. दुसऱ्याने पाया वेगळा लावला होता. सहा खांबांचे सहा काँक्रीटचे खड्डे, प्रत्येकी १,७०० रुपये, म्हणजे १०,२००. एकूण ५७,७२०. पहिल्याच्या कागदावर पायाचं नावच नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, फरशीवर प्लेट ठेवून बोल्ट मारू. शेडाला कशाला पाया? वजन तरी किती असतं?"

दुसरे वेल्डिंगवाले दादा मात्र कागदावर सगळं लिहून देत होते. खांब ७५ बाय ७५ मिलिमीटर चौकोनी पाइपचे, जाडी ३ मिलिमीटर. वरचे आडवे पाइप ५० बाय ५०, जाडी २. पत्रा रंगीत, जाडी अर्धा मिलिमीटर. पहिल्याच्या कागदावर नुसतं "हेवी पाइप, चांगला पत्रा" होतं. हेवी हे माप नव्हे. जाडी मिलिमीटरमध्येच लिहून घ्यावी. कुणी गेजमध्ये सांगितलं तर ध्यानात ठेवा, गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. आणि पाइप खरंच तेवढा जाड आहे का हे वजनावरून कळतं. ७५ चा ३ मिलिमीटर जाडीचा वीस फुटी पाइप साधारण ४० किलो भरतो. बराच हलका भरला तर विचारायचं, का?

वजन आणि वारा

"वजन तरी किती असतं?" हा पहिल्याचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. दादांनी हिशेब करून दिला. पाइप आणि पत्रे मिळून आमच्या शेडाचं वजन सुमारे ३४० किलो. चार-पाच माणसांएवढं. खाली दाबायला हे काहीच नाही. पण खरी अडचण खाली दाबण्याची नाहीच.

वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. एका चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येतो ते मिळतं. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं आपलं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, हेच सूत्र वापरतं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. त्याचा वर्ग साधारण ७७३, गुणिले ०.६ म्हणजे ४६४ न्यूटन. रोजच्या भाषेत एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोचा जोर. आमचं छप्पर २२८ चौरस फूट, म्हणजे २१.२ चौरस मीटर. गुणाकार केला तर जवळजवळ १,००० किलो. एक टन!

हा सगळा जोर छप्पर वर उचलायलाच लागतो असं नाही. उतार, आडोसा, खाली काय उभं आहे यावर ते ठरतं. पण निम्मा धरला तरी ५०० किलो वर आणि ३४० किलो खाली. म्हणजे शेडाचं स्वतःचं वजन त्याला धरून ठेवायला पुरत नाही. आणि वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो.

आता खड्डा बघा. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, अडीच फूट खोल. घनफळ ५.६२५ घनफूट. एक घनफूट काँक्रीट साधारण ६८ किलो. म्हणजे एका खड्ड्यात सुमारे ३८२ किलो. असे सहा. खांबांच्या पायाला जणू सव्वादोन टनांचं वजन बांधलं.

दोन्ही कोटेशनांतला फरक ४,८०० रुपयांचा होता. पण पहिल्यात शेड नुसतं ठेवलेलं असणार होतं आणि दुसऱ्यात बांधलेलं. आम्ही दादांना काम दिलं.

गडग्यावर बसून

खड्डे खणायला गडी आले त्या दिवशी काकू सकाळीच गडग्यावर येऊन बसल्या. हातात सूप, त्यात निवडायला तांदूळ, पण लक्ष सगळं इकडे. मी त्यांना आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा दाखवला होता, आकडेही सांगितले होते. त्यांनी मान हलवली, पण आकड्यांनी त्यांची भीती गेली नव्हती. त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

पाच खड्डे व्यवस्थित झाले. सहाव्याला दीड फुटावर जांभा कातळ लागला. पहार खणखण वाजायला लागली. ऊन वाढलं होतं. एक गडी म्हणाला, "राहू दे, एवढं पुरे झालं. खाली कातळच हाय."

काकू तिथूनच ओरडल्या, "अरे, त्यात कमी खणलंत! पाच खड्डे खोल नि एकच उथळ? वारं त्याच कोपऱ्यातून येतं!"

गडी हसले. पण दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी बरोबर बोलतायत." मग त्यांनी तो खड्डा बाजूंनी वाढवायला लावला. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. शिवाय कातळात भोकं पाडून दोन सळ्या बसवल्या. मी तिथेच हिशेब केला. दोन दुणे चार, चार दीडे सहा. सहा घनफूट! बाकीच्यांपेक्षा थोडा जास्तच माल बसला. काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी सुपातले खडे वेचत विचारलं, "म्हणजे आता सगळे सारखे?" म्हटलं, "तुमच्या बाजूचा सगळ्यात जड."

काँक्रीट भरताना त्यातच बोल्ट उभे रोवले. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. त्यातल्या निम्म्या वेळा ते काकूंनीच मारलं असेल, कारण आम्ही उठून बाहेर यायच्या आत खड्डे ओले असायचे.

पाणी कुणीकडे?

अजून एक प्रश्न होता, आणि कोकणात तो वाऱ्याइतकाच मोठा. पागोळीचं पाणी कुणाच्या दारात? आपल्याकडे भावाभावांत यावरून बोलणं बंद होतं.

सोपं होतं ते काकूंच्या बाजूला उतार देणं. पण १०० मिलिमीटर पाऊस झाला, जो आमच्याकडे जुलैत काही नवलाचा नाही, तर आमच्या छपरावरून सुमारे २,१०० लिटर पाणी पडतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे गणित लक्षात ठेवा. दोनशे लिटरचे दहा पिंप भरतील एवढं पाणी एका दिवसात काकूंच्या गडग्याच्या मुळाशी! जुना गडगा, मातीत रचलेला. तो किती पावसाळे टिकणार?

म्हणून उतार आमच्या घराकडे घेतला. मग आमच्या भिंतीवर पाणी नको म्हणून पन्हळ आणि खाली येणारा पाइप लावावा लागला. त्याचे ४,३०० रुपये वाढले. एकूण खर्च ६२,०२० झाला. नाना म्हणाले, "वाढू देत. पैसे परत मिळवता येतात." पुढचं वाक्य त्यांनी बोललं नाही, पण ते काकूंच्या घराकडे बघत होते.

शेड उभं राहताना

खांब उभे करायला एक दिवस, पत्रे चढवायला अर्धा. वेल्डिंग चालू असताना आजूबाजूची पोरं जमली. मी सगळ्यांना पडवीत बसवलं, पाठ करून. मुलांनो, वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी कधीही बघू नका. त्या वेळी काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. दादांच्या तोंडाला काळ्या काचेचा मुखवटा असतो तो उगाच नाही.

पत्रे बसवताना दादांनी कडेच्या ओळींत स्क्रू जवळजवळ मारले, मधल्या ओळींत थोडे लांब. वारा पत्र्याला कडेने आणि कोपऱ्यातून जास्त ओढतो. एक कोपरा सुटला की बाकीचा पत्रा सोलल्यासारखा निघतो. प्रत्येक स्क्रूखाली रबरी वायसर असतो. तो बसेल इतकंच आवळायचं. जास्त आवळलं तर रबर चेपून फाटतं आणि तिथूनच गळती सुरू होते. खाऱ्या वाऱ्यात गंज सगळ्यात आधी वेल्डिंगच्या जोडांना धरतो, म्हणून जोड घासून त्यांवर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि मग रंग.

वर्गात

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पाचवीच्या वर्गात मी हा सगळा प्रकार सांगितला. क्षेत्रफळाचा पाठ होता. मुलांनी पुठ्ठ्याचं छप्पर आणि आईस्क्रीमच्या काड्यांचे खांब करून दोन शेडं तयार केली. एक कोरड्या वाळूत उभं केलं, दुसऱ्याच्या काड्या मातीच्या गोळ्यांत रोवल्या. मग वहीच्या पुठ्ठ्याने जोरात वारा घातला. वाळूतलं शेड आधी डुलेल, मग आडवं पडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ते कोपऱ्यातून उचललं गेलं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन पडलं.

एक मुलगा उभा राहून म्हणाला, "बाई, शेड खाली पडत नाही, वर पडतं!"

एवढं नेमकं मला पूर्ण निबंधात सांगता आलेलं नाही. त्या मुलाच्या घराचंही छप्पर निसर्गमध्ये गेलं होतं. तेव्हा तो अगदी लहान होता, त्याला आठवत नाही. पण घरी ऐकलेलं असणार. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, "बाई, मी बाबांना पडवीचे स्क्रू बघायला लावले. चार सैल निघाले."

त्याच आठवड्यात रात्री मोठा वारा सुटला. निसर्गसारखा नव्हता, पण माडाच्या झावळ्या पडल्या, वीज गेली. सकाळी बाहेर आले तर काकू आमच्या शेडात उभ्या. एकेका खांबाच्या बोल्टला हात लावून बघत होत्या. सहावा खांब त्यांनी जरा हलवून पाहिला. मग म्हणाल्या, "रात्री एकदाच उठले गं. मग झोप लागली."

एका वाऱ्याने शेडाची परीक्षा झाली असं मी मानत नाही. दरवर्षी मे अखेर स्क्रू तपासायचे, गंज खरवडून रंग लावायचा, पन्हळीतला पाला काढायचा, हे वेळापत्रक दाराच्या मागे लावलं आहे. पन्हळीच्या पाइपाखाली पिंप ठेवलं आहे. त्यातलं पाणी काकू त्यांच्या अळवाला नेतात. आणि गडग्याला लागून आमच्या शेडात आता त्यांचा लाकूडफाटा रचलेला असतो, गाडीचं दार उघडेल एवढी जागा सोडून.

करून पहा

१. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मोठ्यांच्या मदतीने जमिनीवरून मोजा. ५० मिलिमीटर पावसात त्यावरून किती लिटर पाणी पडेल?
२. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल खड्ड्यात किती घनफूट काँक्रीट बसेल? त्याचं वजन किती?
३. पागोळी, पन्हळ, गडगा, झावळ, पडवी हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा. तुमच्या भागात यांना दुसरे शब्द असतील तर घरातल्या मोठ्यांना विचारून तेही लिहा.
४. आपल्या घरातल्या कोणत्या कामाचा शेजाऱ्यांवर परिणाम होतो? अनुभवावरून दहा ओळी लिहा.